झाडीपट्टीचे आकाश आणि क्ष-किरणांच्या दुर्बिणी

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती यांच्या खोऱ्यांत पसरलेले चंद्रपूर व गडचिरोली हे झाडीपट्टीतील वनव्याप्त जिल्हे खगोलशास्त्राच्या इतिहासात क्वचितच भेटतात. या मुलखातील लोकांनी आकाशाकडे पाहिले नव्हते असे मुळीच नाही. त्यांचे पाहणे लिहून ठेवण्याची गरज बाहेरच्या अभ्यासकांना फार उशिरा वाटली, एवढेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश व तत्कालीन आंध्र प्रदेशातील सुमारे १५ गोंड गावांत फिरून केलेला आकाशज्ञानाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यापाठोपाठ कोलाम व बंजारा समाजांवरील काम आले. सप्तर्षींच्या चौकोनात म्हातारीची बाज आणि मागच्या तीन ताऱ्यांत ती बाज चोरू पाहणारे चोर पाहणारी, मृगाच्या ताऱ्यांचा संबंध पेरणीच्या अवजाराशी लावणारी ही परंपरा पंचांगातील नक्षत्रव्यवस्थेहून बरीच वेगळी आहे, हे या अभ्यासातून पुढे आले.

या नोंदी करणारे वाहिया हे मानववंशशास्त्रज्ञ नव्हते, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. त्यांचा मूळ व्यवसाय उपग्रहांवर बसवायच्या खगोलीय उपकरणांचा, म्हणजे ज्या प्रकाशाला मानवी डोळा कधीच पाहू शकत नाही त्याची मोजणी करण्याचा होता. क्ष-किरण व गॅमा किरण यांचे खगोलशास्त्र, ज्याला एकत्रितपणे उच्च-ऊर्जा खगोलशास्त्र म्हणतात, ते महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राच्या दक्षिण सीमेपलीकडे सहा दशकांत कसे वाढले, याचा विचार करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. या व्यवसायाला येथे आकार दिला तो पैशाने वा यंत्रसामग्रीने जितका, तितकाच या भूमीच्या पृथ्वीगोलावरील जागेने; आणि त्या जागेचा फायदा जसा गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याच्या आकाशाला आहे तसाच हैदराबादच्या आकाशालाही आहे.

दृश्य प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. क्ष-किरणांच्या कणाची ऊर्जा त्याच्या शेकडो ते हजारो पट, तर गॅमा किरणांची त्याहूनही अधिक असते. अशा ऊर्जेचे किरण निर्माण होण्यासाठी कोट्यवधी अंश तापलेला वायू, अतितीव्र चुंबकीय क्षेत्र किंवा न्यूट्रॉन तारा व कृष्णविवर यांच्यासारखी प्रचंड गुरुत्वाकर्षण असलेली वस्तू लागते, म्हणून विश्वातील सर्वांत उग्र घडामोडींची बातमी याच किरणांतून येते. परंतु ही बातमी जमिनीपर्यंत पोहोचत नाही, कारण पृथ्वीभोवतीचे वातावरण ती वरच्या वर शोषून घेते. सजीवांच्या दृष्टीने हे भाग्यच आहे. खगोलशास्त्रज्ञांच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा, की दुर्बीण कितीही मोठ्या डोंगरावर नेली तरी पुरत नाही, ती हवेच्याच वर न्यावी लागते.

या शास्त्राचा जन्म १८ जून १९६२ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमधून सोडलेल्या एका लहान अग्निबाणाने झाला. रिकार्डो जियाकोनी यांच्या गटाला चंद्राच्या पृष्ठभागावरून येणारे क्ष-किरण शोधायचे होते. हवेच्या वर मिळालेल्या थोड्या मिनिटांत चंद्र राहिला बाजूला आणि वृश्चिक राशीच्या दिशेला एक अत्यंत तेजस्वी क्ष-किरण स्रोत सापडला. गॅमा किरणांची कथा याहून चमत्कारिक आहे. गुप्त अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी अमेरिकेने सोडलेल्या ‘वेला’ उपग्रहांनी २ जुलै १९६७ रोजी अंतराळातून आलेली गॅमा किरणांची क्षणिक लाट टिपली आणि ती प्रत्यक्ष जाहीर व्हायला १९७३ उजाडले. अशा लाटांना पुढे गॅमा-किरण स्फोट हे नाव मिळाले. हे स्फोट आकाशात कोठे व केव्हा होतील याचा अंदाज बांधता येत नाही आणि त्यांतील काही तर दोन सेकंदांच्या आत संपतात. म्हणून एका बिंदूवर रोखलेली दुर्बीण त्यांच्यासाठी निरुपयोगी ठरते, सबंध आकाशावर एकाच वेळी नजर ठेवावी लागते.

भारतात या कामाची मुळे विश्वकिरणांच्या अभ्यासात होती. विश्वकिरण म्हणजे अंतराळातून येणारे विद्युत्‌भारित कण. त्यांचा माग घेण्यासाठी होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पॉलिथिनचे प्रचंड फुगे उडवण्याचे तंत्र १९५० च्या दशकापासून हस्तगत केले होते. जियाकोनी यांच्या शोधाची वार्ता आली तेव्हा मुंबईच्या या संस्थेकडे अग्निबाण नव्हते, पण फुगे होते, ते बनवणारे हात होते आणि कणांची मोजणी करणारे शोधक बांधण्याची सवय होती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बी. व्ही. श्रीकांतन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांना क्ष-किरण शोधक जोडून त्याच वृश्चिकेतील स्रोताची मोजमापे घेतली. हे शोधक सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाचे असत: क्ष-किरण स्फटिकात शिरला की क्षीण प्रकाश चमकतो आणि प्रकाशवर्धक नळी त्याचे विद्युत्‌संकेतात रूपांतर करते.

हैदराबादची निवड का झाली, या प्रश्नाच्या उत्तरात या इतिहासाची गुरुकिल्ली आहे. क्ष-किरणांच्या मोजणीतील खरा शत्रू म्हणजे गोंगाट. ताऱ्याकडून येणारे क्ष-किरण मोजके असतात, तर विश्वकिरणांचे भारित कण शोधकावर अखंड आदळत राहतात व खोटे संकेत निर्माण करतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अशा कणांना वळवून परतवते आणि चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ ही ढाल सर्वांत भक्कम असते. दख्खनचा हा सारा टापू त्या विषुववृत्तापासून फार दूर नाही, त्यामुळे येथून ४० किलोमीटर उंचीवर नेलेल्या शोधकाला युरोप वा उत्तर अमेरिकेवरील आकाशापेक्षा कितीतरी शांत वातावरण मिळते. समृद्ध देशांना जे विकत घेता आले नसते ते या भूमीला जागेमुळे फुकट मिळाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

फुग्याच्या उड्डाणाला मर्यादाही होत्या. ४० किलोमीटरवरही थोडी हवा शिल्लक असतेच, म्हणून सुमारे २० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे, म्हणजे तुलनेने ‘कठीण’ क्ष-किरणच तेथे पोहोचतात. शिवाय उड्डाण काही तासांतच संपते. उड्डाण संपल्यावर उपकरणांची पेटी रंगीत हवाई छत्रीला लटकून खाली येते आणि हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरपर्यंत वाहत जाऊ शकते. म्हणून उड्डाणांच्या हंगामापूर्वी संस्था एक जाहीर सूचना काढते: अशी पेटी कोणाला सापडल्यास ती उघडू नये, जागेवरून हलवू नये, जवळच्या पोलीस ठाण्यात, टपाल कार्यालयात किंवा जिल्हा प्रशासनाकडे कळवावे. सिरोंचा हैदराबादपासून सरळ रेषेत सुमारे २२५ आणि चंद्रपूर सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. केवळ अंतराच्या हिशेबाने ही दोन्ही ठिकाणे या परिघाच्या आत येतात. जंगलात वा शेतात उतरलेल्या पेटीतील नोंदी शास्त्रज्ञांपर्यंत परत जाणे हे सापडणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असे, आणि उच्च-ऊर्जा खगोलशास्त्राच्या इतिहासग्रंथांत या अनाम गावकऱ्यांना जागा मिळालेली नाही.

उपग्रहांचा टप्पा आला तेव्हा सुरुवात अडखळतच झाली. १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत भूमीवरून गेलेल्या ‘आर्यभट’वर क्ष-किरण खगोलशास्त्राचा एक प्रयोग आणि टाटा संस्थेचा सौर न्यूट्रॉन व गॅमा किरणांचा दुसरा प्रयोग होता, वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे चार-पाच दिवसांतच ते बंद ठेवावे लागले. त्यानंतर ‘भास्कर’ व ‘स्रॉस’ मालिकेतील उपग्रहांवर लहान उपकरणे गेली, त्यांपैकी १९९४ मधील ‘स्रॉस-सी२’ने गॅमा-किरण स्फोटांची नोंद केली. २१ मार्च १९९६ रोजी सोडलेला ‘आयआरएस-पी३’ हा वस्तुतः भूनिरीक्षणाचा उपग्रह. त्यावर टाटा संस्थेने बांधलेले तीन प्रपोर्शनल काउंटर बसवले गेले. प्रपोर्शनल काउंटर म्हणजे वायूने भरलेली पेटी, जिच्यात शिरलेला क्ष-किरण आपल्या ऊर्जेच्या प्रमाणात विद्युत्‌भार मोकळा करतो. या उपकरणाने गरुड तारकासमूहातील एका कृष्णविवराच्या चंचल वर्तनाची महत्त्वाची निरीक्षणे दिली, मात्र उपग्रहाची कक्षा ध्रुवांवरून जाणारी असल्याने चुंबकीय ढाल जेथे दुबळी असते तेथूनही तो जात असे आणि दिवसातील थोड्याच फेऱ्यांत उपयुक्त निरीक्षण शक्य होई. ज्या फायद्यावर फुग्यांचे युग उभे राहिले होते तो येथे दुसऱ्याच्या कक्षेत पाहुणे म्हणून गेल्यामुळे गमवावा लागला.

हा धडा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’च्या आखणीत वाया गेला नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० ने नेलेली ही सुमारे दीड टनाची वेधशाळा ६५० किलोमीटर उंचीवर आणि विषुववृत्ताशी केवळ ६ अंश कललेल्या कक्षेत ठेवली गेली. कक्षेचा कल इतका कमी ठेवण्याचे कारण दक्षिण अटलांटिक महासागरावरचा तो प्रदेश, जेथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षीण असून भारित कणांचा थर खाली उतरलेला असतो. कमी कललेली कक्षा त्या थराच्या कडेनेच जाते. उपकरणांपैकी मोठा भाग मुंबई व पुण्याशी जोडलेला होता. पी. सी. अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली टाटा संस्थेत झेनॉन वायूचे तीन मोठे काउंटर तयार झाले. त्याच संस्थेत के. पी. सिंह यांच्या गटाने सौम्य क्ष-किरणांची दुर्बीण बांधली. क्ष-किरण साध्या आरशावर समोरून पडले तर परावर्तित न होता आत शिरतात, म्हणून या दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेले पातळ पत्र्यांचे आरसे एकात एक अशा कवचांत बसवलेले आहेत, जेणेकरून किरण पृष्ठभागाला जेमतेम घासून वळतील. ज्यांनी फुग्यांच्या काळात स्फटिक आणि वायूच्या पेट्या हाताळल्या होत्या त्यांच्यासाठी आरसे घडवणे ही सर्वस्वी नवी विद्या होती.

पुण्याच्या आयुका या संस्थेकडे कॅडमियम-झिंक-टेल्युराइड स्फटिकांच्या उपकरणाचे कार्यकेंद्र सोपवण्यात आले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीझेडटीआय’ म्हटल्या जाणाऱ्या या उपकरणात ६४ स्फटिक-चकत्या आणि प्रत्येकीत २५६ चित्रपेशी आहेत. या ऊर्जेचे किरण आरशाने एकवटणे अवघड, म्हणून वर टँटलम धातूचा ठरावीक छिद्रांचा पत्रा बसवून त्याच्या पडलेल्या सावलीवरून स्रोताची दिशा गणिताने काढली जाते. उपकरणाचा आराखडा १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत एका दिशेला पाहण्यासाठी होता. त्याहून अधिक ऊर्जेला मात्र पेटीच्या भिंती पारदर्शक ठरतात, त्यामुळे कोणत्याही बाजूने आलेला गॅमा-किरण स्फोट त्यात नोंदला जातो. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, म्हणजे उपकरण सुरू झाले त्याच दिवशी, त्याने असा एक स्फोट टिपला. पुढे त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. क्रॅब तेजोमेघातील स्पंदकाकडून येणाऱ्या कठीण क्ष-किरणांचे ध्रुवण, म्हणजे त्यांच्या कंपनांची दिशा, मोजण्याचे अवघड कामही याच उपकरणाने केले. आराखड्यातील मुख्य उद्देशापेक्षा भिंतींच्या या पारदर्शकतेने अधिक यश दिले, असे निदान या लेखापुरते तरी म्हणता येईल.

चंद्रपूरचे अक्षांश सुमारे २० अंश उत्तर. अ‍ॅस्ट्रोसॅट ६ अंशांच्या पलीकडे उत्तरेला येत नसल्याने तो या जिल्ह्यांच्या डोक्यावरून कधीच जात नाही. दक्षिण क्षितिजाच्या बरीच जवळ, झाडांच्या रेषेला लागून, एवढीच त्याची चंद्रपूरकडील वाट. उलट ज्या यानांचा या मुलखाशी काहीही संबंध नाही तीच कधीतरी येथे उतरतात. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्र व मध्य प्रदेशच्या आकाशात पेटत्या रेषा दिसल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे, तर त्याच तालुक्यातील पवनपार येथे एक गोळा सापडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘छांग झंग-३बी’ अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असे अंतराळ-अभ्यासकांचे मत पडले. फुग्याच्या पेटीला छत्री होती, तिच्याविषयी सूचना दिली जात होती आणि ती परत मागणारे कोणी होते; या कड्याच्या बाबतीत त्यांपैकी काहीच नव्हते.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाल्याच्या गुरुत्वीय लहरी अमेरिका व युरोपातील वेधशाळांनी नोंदवल्या आणि पावणेदोन सेकंदांच्या आत ‘फर्मी’ व ‘इंटिग्रल’ या उपग्रहांना त्याच घटनेचा गॅमा-किरण स्फोट दिसला. एकाच घटनेची गुरुत्वीय लहर आणि प्रकाश मिळण्याचा हा पहिला प्रसंग. त्या क्षणी अ‍ॅस्ट्रोसॅट आणि ती घटना यांच्यामध्ये पृथ्वीच आली होती, त्यामुळे सीझेडटीआयला काही दिसले नाही. त्या न दिसण्याचा उपयोग मात्र घटनेची दिशा मर्यादित करण्यास झाला. खालच्या कक्षेतील कोणत्याही उपग्रहाचे सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके आकाश पृथ्वीने झाकलेले असते, ही भूमितीची गोष्ट सर्वांना ठाऊक होती. शतकात क्वचित घडावी अशी घटना नेमकी त्या झाकलेल्या भागात घडली, तेव्हा तिचे मोल कळले.

‘दक्ष’ या प्रस्तावित मोहिमेचा आराखडा याच दोन अनुभवांतून निघालेला दिसतो. आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव यांच्या नेतृत्वाखाली टाटा संस्था, आयुका, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि बंगळुरूची रामन संशोधन संस्था यांनी मांडलेल्या या प्रस्तावात एक नव्हे तर दोन उपग्रह आहेत, जे कमी कललेल्या कक्षेत पृथ्वीच्या परस्परविरुद्ध बाजूंना राहतील, म्हणजे एकाला पृथ्वीने जे झाकले ते दुसऱ्याला दिसेल. सीझेडटीआयमध्ये पेटीच्या भिंतींमुळे जे अनायासे साधले, ते येथे हेतूपूर्वक साधायचे आहे: शोधक अर्धगोलाकार घुमटाच्या अनेक पृष्ठांवर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवले जातील, आणि कोणत्या पृष्ठावर किती कण पडले याच्या तुलनेतून स्फोटाची दिशा निघेल. शोधक तीन प्रकारचे आहेत: १ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपासूनच्या सौम्य किरणांसाठी सिलिकॉनचे, मधल्या पट्ट्यासाठी कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे आणि १००० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच्या गॅमा किरणांसाठी, पुन्हा एकदा, सोडियम आयोडाइडचे. हैदराबादच्या फुग्यांना लटकणारा तोच स्फटिक अर्धशतकानंतर घुमटावर बसणार आहे. बदलले ते प्रकाश मोजण्याचे साधन, कारण अवजड काचेच्या नळ्यांऐवजी आता सिलिकॉनच्या चकत्या पुरतात.

जगात इतरत्रही फुग्यावरून कक्षेत जाण्याची हीच परंपरा चालू आहे. नासाची ‘कोसी’ ही जर्मेनियमच्या शोधकांची गॅमा-किरण दुर्बीण २०१६ मध्ये न्यूझीलंडहून फुग्यावर उडाली होती आणि तिची उपग्रहरूपी आवृत्ती २०२७ च्या सुमारास सोडण्याची योजना आहे; तिलाही विषुववृत्ताजवळचीच कक्षा हवी आहे. युरोपीय अवकाश संस्थेची ‘न्यूअथेना’ ही प्रचंड आरशांची क्ष-किरण वेधशाळा २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धासाठी आखली जात आहे. चीनने जानेवारी २०२४ मध्ये ‘आइनस्टाइन प्रोब’ व त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्सच्या सहकार्याने ‘स्वोम’ सोडून क्षणिक स्फोटांच्या क्षेत्रात आघाडी घेतली आहे. भारतानेही १ जानेवारी २०२४ रोजी ‘एक्सपोसॅट’ सोडला. तो क्ष-किरणांचे ध्रुवण मोजतो, पण निवडलेल्या तेजस्वी स्रोतांकडेच पाहतो, म्हणून दक्षची जागा त्याने भरून निघत नाही.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही ‘लायगो-इंडिया’ अमेरिका, युरोप व जपानमधील वेधशाळांच्या जोडीला आली की विलीन होणाऱ्या ताऱ्यांची दिशा आजच्यापेक्षा पुष्कळ अचूक कळेल, परंतु त्या क्षणी उजेड चमकला की नाही हे सांगण्याचे काम तिच्या भुजांचे नाही. ते आकाशातील शोधकांनाच करावे लागते, आणि ‘फर्मी’ २००८ चा, ‘स्विफ्ट’ २००४ चा असे वय झालेले उपग्रह हिंगोलीच्या भुजा कार्यरत होईपर्यंत टिकतीलच याची हमी नाही. २००२ मध्ये गेलेल्या ‘इंटिग्रल’ची निरीक्षणे तर २०२५ च्या आरंभी थांबली. त्यामुळे मराठवाड्यातील या बांधकामाचे वेळापत्रक आणि मुंबईत मांडलेल्या दक्षच्या मंजुरीचे वेळापत्रक ही दोन वेगवेगळ्या खात्यांची कागदपत्रे असली, तरी त्यांतील तारखा एकमेकींशेजारी ठेवूनच वाचाव्या लागतात.